पी आणि आरच्या मध्ये

सहादू पगारे पलटणीत तोफा ओढणारी लॉरी चालवायचा. देवळालीच्या तोफखान्यात तो गाडी शिकला, चिखलात रुतलेली लॉरी तोफेसकट बाहेर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या सरहद्दीवर, पुढचा रस्ता बघावा म्हणून तो लॉरीतून उतरला आणि चार पावलं चालला. चौथ्या पावलाखाली सुरुंग होता. डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुढं कुणी त्याबद्दल विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "गाडीत बसून राह्यलो असतो तर काय झालं नसतं."

पुण्याला त्याला लाकडाचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पाय बसवून दिला. मांडीला चामडी पट्टे आवळायचे, वरून पँट, खाली बूट. त्र्याहत्तर साली तो नाशिकरोडला आपल्या वसाहतीत परत आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. बायको सुलाबाई नगरपालिकेच्या बालवाडीत होती. घर चालत होतं, पण सहादूचं दिवसभर घरात बसणं तिला बघवत नव्हतं. त्यानं एकदा एका मित्राची अँबॅसिडर मागून घेतली आणि मोकळ्या मैदानात चालवून बघितली. लाकडी पाय क्लचवर दाबला जायचा, पण किती दाबला गेला ते कळायचं नाही. गाडी गचके खात बांधावर चढली. सहादू उतरला, चावी मित्राच्या हातात दिली आणि घरी येऊन पट्टे सोडून भिंतीकडे तोंड करून झोपला.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर देवळाली कॅम्पातून निरोप आला. पलटणीतले यादव सुभेदार निवृत्त होऊन कॅम्पच्या बाजारात चहाचं दुकान चालवत होते. त्यांनी कळवलं की इथल्या एका पारशी डॉक्टरबाईंना ड्रायव्हर पाहिजे, आणि त्यांच्या गाडीला क्लच नाही.

"क्लच नाय अशी गाडी असती का?" सुलाबाईनं विचारलं.

"असती म्हणं. परदेशात."

डॉक्टर पेरीनबाईंचा दवाखाना कॅम्पात जुना होता. भगूर, लहवितपासून बाया लेकरांना घेऊन त्यांच्याकडे यायच्या. वय पासष्टीच्या पुढं, एक गुडघा धरलेला, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. मुंबईत परदेशी वकिलातीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला त्यात त्यांच्या भावानं ही गाडी घेतली होती, गुडघ्याला त्रास नको म्हणून. आता डोळ्यांनी घात केला होता. गाडी राखाडी रंगाची, बैलगाडीला रस्ता सोडावा लागेल एवढी रुंद.

बाईंनी सहादूला अंगणातून चालत येताना पाहिलं आणि तो पायरी चढायच्या आतच विचारलं, "डावा ना? गुडघ्याच्या खाली?"

"होय बाई."

"मग चालेल. ह्या गाडीत डाव्या पायाला काही कामच नाही." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "लायसन आहे?"

"हाय. एकोणसत्तरचं."

"पायाचं लिहून घेतलंय ना त्यात?"

सहादूनं उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. "हो," म्हणाला.

ते खोटं होतं. पाय गेल्यापासून तो लायसनच्या ऑफिसात फिरकलाच नव्हता.

गाडी शिकायला त्याला आठवडा लागला, आणि तो आठवडा त्याला पलटणीच्या सगळ्या शिकवणीपेक्षा जड गेला. जमिनीतून वर येणारा गियर नव्हताच. स्टिअरिंगच्या बाजूला एक बारीक दांडा, आणि काचेमागे ओळीनं पाच इंग्रजी अक्षरं. पी, आर, एन, डी, एल. बाई शेजारी बसून सांगायच्या. पी म्हणजे गाडी उभी, चाकं जखडलेली. आर म्हणजे मागे. एन म्हणजे मोकळी. डी म्हणजे पुढं, मग पहिला-दुसरा-तिसरा तीच काय ते बघून घेते. एल घाटासाठी. दांडा आपल्याकडे ओढायचा आणि मग सरकवायचा. पी सगळ्यात वर, आणि पीवरून डीवर यायचं तर मधे आर लागणारच.

त्याला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. डीवर टाकून ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपली आपण चालायला लागायची. अ‍ॅक्सिलरेटरला हात नाही की पाय नाही, आणि तरी हे मोठं धूड हळूहळू पुढं निघालेलं. लॉरी कधी असं करत नव्हती. लॉरीला चालवावं लागायचं, हिला थांबवून धरावं लागत होतं. शिवाय दर वेळी वेग कमी झाला की नसलेला डावा पाय नसलेल्या क्लचवर दाबला जायचा. वर मांडीत गोळा यायचा, पट्टे करकचायचे, आणि घरी गेल्यावर सुलाबाई खोबरेल तेल लावून ती जागा चोळून द्यायची.

"गाडी चालवता का मारामारी करता?" ती म्हणायची.

पुढं हात बसला. पाच वर्षं त्यानं ती गाडी चालवली आणि कुठं साधा ओरखडा येऊ दिला नाही. पण लायसनची टोचणी काही गेली नाही. नाक्यावर पोलिसानं हात वर केला की सहादूच्या कानशिलावरून घाम उतरायचा. तो पाय न हलवता बसून राहायचा आणि खिडकीतूनच कागद बाहेर द्यायचा. मुदत संपली की लायसनच्या ऑफिसाबाहेर फॉर्म भरून देणारा एक जण होता, त्याच्याकडे तो जायचा. फॉर्मवर शारीरिक व्यंगाचा रकाना होता. त्यात तो माणूस न विचारता 'नाही' लिहायचा आणि सहादू खाली सही करायचा.

"एकदाचं जाऊन सांगून का टाकत नाही?" सुलाबाई म्हणायची.

"सांगितलं आणि काढून घेतलं तर? दुसरी कुठली गाडी चालवू मी?"

ती विषय तिथंच सोडायची. पण संध्याकाळी कॅम्पाकडून येणारी बस चुकली आणि तो उशिरा आला, की ती दारातच उभी असायची आणि आधी त्याच्या तोंडाकडे बघायची.

एकोणऐंशीच्या चैत्रात पेरीनबाईंनी वणीला यात्रेकरूंसाठी औषधांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. गडावर पायी जाणाऱ्या बायाबापड्यांच्या पायांना फोड, उन्हानं चक्कर, हगवण, असं सगळं. सहादूनं आदल्या दिवशी पत्र्याच्या चार पेट्या गाडीच्या डिकीत भरल्या. गाडीची बॅटरी महिनाभर कुरकुरत होती. दुसरी गाडी असती तर ढकलून चालू केली असती. ही ढकलून चालू होत नाही, हे त्याला बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. म्हणून एकदा इंजिन लागलं की तो ते शक्यतो बंद करत नसे.

वणीत पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. शिबिराचा मांडव शाळेच्या आवारात होता. सहादूनं गाडी आवाराच्या कडेला नेली. पुढचं तोंड जरा उताराकडे, मागं थोडा चढ, आणि मागं पंधरा-वीस पावलांवर चिंचेच्या सावलीत बाया बसलेल्या. कुणी भाकरी सोडली होती, कुणी पाय चोळत होती. बाई काठी टेकत मांडवात गेल्या. सहादूनं दांडा वर सरकवला, जेमतेम धरणारा हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि पेट्या काढायला मागं आला.

पहिली पेटी काढून त्यानं खाली ठेवली. दुसरीला हात घातला तेव्हा गाडी त्याच्या मांडीला लागली.

आधी त्याला वाटलं आपलाच तोल गेला. मग परत लागली, आणि ह्या वेळी लागून थांबली नाही. मोठी राखाडी गाडी हळूहळू, माणूस चालेल तेवढ्या वेगानं, मागं येत होती. सहादू ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर आठवलं नाही. दोन पावलं मागं गेला, बाजूला व्हायला वळला, आणि लाकडी पाऊल जमिनीतून वर आलेल्या एका दगडात अडकलं. तो पडला. कुशीवर वळून उजवा पाय त्यानं ओढून घेतला, डावा राहिला. मागचं चाक डाव्या पायावर आलं.

लाकूड फुटल्याचा आवाज सगळ्या आवारात ऐकू गेला. बाया किंचाळत उठल्या. चाक पायावर चढू बघत होतं, पण पाय दगडाला टेकला होता आणि चाकाला आणखी मागं जायला जागा नव्हती. इंजिन घरघरत होतं. सहादूचा बूट घोट्यातून पार उलटा फिरला होता, टाच पुढं आणि चवडा मागं. ते बघून एक बाई तिथंच भोवळ येऊन पडली. सहादूला काहीच दुखत नव्हतं. तो पडल्या पडल्या ओरडत होता, "चावी फिरवा! कुणीतरी आत जाऊन चावी फिरवा!" पण चावी म्हणजे कुठली आणि ती कुठं असते, हे तिथं कुणाला ठाऊक होतं?

शेवटी पेरीनबाईच आल्या. त्या दार उघडून आत बसल्या, हातानं चाचपून चावी शोधली आणि फिरवली. घरघर थांबली.

मग जे झालं त्याची सहादूला कल्पना नव्हती. त्याला ओढून बाहेर काढलं, पाय लाकडाचा आहे हे लोकांना कळलं, आणि बघता बघता तिथं एक वेगळीच गोष्ट तयार झाली. ड्रायव्हरनं गाडी बायांच्या अंगावर जाताना बघितली आणि स्वतःचा लाकडी पाय चाकाखाली घातला. बंदोबस्तावरचा हेडकॉन्स्टेबल आला. तोही पलटणीतून आलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सहादूला चक्क सलाम ठोकला.

"मिलिटरीचं पाणीच वेगळं," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. वहीत त्यानं लिहून घेतलं की गाडीत बिघाड होऊन ती मागे आली व चालकाने प्रसंगावधान राखले. लायसन त्यानं मागितलंच नाही.

सहादू चिंचेच्या बुंध्याला टेकून बसला होता. कुणीतरी त्याला पाणी दिलं, कुणी कुंकू लावलं, ते त्यानं पुसलंही नाही. एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घुसला होता आणि तो काही केल्या बाहेर निघत नव्हता. दांडा पार वर बसला होता का? पीवर? की पी आणि आरच्या मध्ये कुठंतरी राहिला, आणि इंजिनच्या थरथरीनं खाली आला?

त्याला आठवेना. पाच वर्षांत हजारदा त्यानं तो दांडा वर नेला होता. आज सकाळचा हात त्या हजार हातांत मिसळून गेला होता.

"बाई," त्यानं विचारलं, "तुम्ही चावी फिरवली तेव्हा दांडा कुठं होता?"

पेरीनबाईंनी आठवून बघितलं. "मी पीवर चढवला ना. सवयीने. आधी कुठे होता ते बघितलं नाही, डिकरा. बघितलं असतं तरी मला दिसलं नसतं."

परत जायचं कसं, हा प्रश्न होताच. वणीत ती गाडी चालवू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. सहादूच्या डाव्या गुडघ्याखाली काही उरलं नव्हतं, पण ह्या गाडीला उजवाच पाय लागत होता. बाईंनी दिवसभर रोगी तपासले. उन्हं कलल्यावर गावातल्या दोघांनी त्याला उचलून आत बसवलं. फुटलेला पाय मागच्या सीटवर ठेवला, बूट तसाच त्यात. सहादू दिंडोरीवरून थेट कॅम्पापर्यंत इंजिन बंद न करता आला. रस्त्यात एकदा मेंढरं आडवी आली तेव्हा तो दहा मिनिटं ब्रेक दाबून राहिला, पण दांड्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

पुण्याहून नवा पाय यायला वेळ होता. सहादू कुबड्यांवर घरात. वसाहतीत त्याचं नाव झालं होतं. विहारात त्याचा सत्कार करायचं घाटत होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसा घातला हो पाय?" आणि सहादू मान खाली घालून म्हणायचा, "झालं तसं." लोकांना तो विनय वाटायचा.

त्याची झोप उडाली. जेवताना घास हातात धरून तो डावा हात हवेत वर सरकवून बघायचा, आपल्याकडे ओढून मग वर. सुलाबाईनं दोन-चार वेळा ते पाहिलं.

"काय करता?"

"बघतो, कुठपर्यंत जातोय हात."

"तुमच्या हातानं कुणी मेलं नाय. कुणाला लागलं पण नाय."

"वीस पावलं होती, सुला. वीस." तो घास ताटात ठेवून उठायचा.

पंधराएक दिवसांनी चांदोरीहून एक म्हातारी आली. कुसाबाई तिचं नाव. शेतकरी घरची, पायात चांदीचे वाळे, बरोबर पाटीभर वांगी आणि कोथिंबीर. वणीला चिंचेखाली बसलेल्यांत ती होती. बसनं नाशिकरोडला उतरून विचारत विचारत ती वसाहतीत पोचली होती. सुलाबाईनं तिला चटईवर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ती सहादूच्या समोर सरकली आणि त्याच्या रिकाम्या पँटकडे बघून तिचे डोळे भरले.

"माझ्यासाठी पाय घातलास रे बाबा. माझी नात मांडीवर झोपली व्हती."

सहादूला ते सहन झालं नाही. नात मांडीवर होती हे त्याला आजच कळत होतं.

"मावशी, मी पाय नाय घातला," तो म्हणाला. "मी पडलो. दगडात अडकून पडलो, आणि चाक आलं."

कुसाबाईनं पाटी जवळ ओढली.

"आणि गाडी मागं आली ती कदाचित माझ्यामुळंच आली. दांडा नीट बसवला नसंल मी. मला आठवत नाय. रातंदिस आठवून बघतो, पण आठवत नाय."

सुलाबाई दाराशी उभी होती. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, पाटीतली वांगी एकेक करून बाहेर काढून चटईवर मांडली, आणि मग म्हणाली, "बरं. मंग आता तरी नीट बघून चालव." जाताना सुलाबाईच्या हातचा चहा घेतला, बस किती वाजता आहे ते विचारलं आणि गेली.

दुसऱ्याच दिवशी सहादू कुबड्या घेऊन कॅम्पाला गेला. पेरीनबाई दवाखान्यात एका पोराचा कान बघत होत्या. पोर आणि आई जाईपर्यंत तो थांबला. मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. दांड्याचं, आणि लायसनचं.

दांड्याचं बाईंनी बसल्या बसल्या ऐकलं. लायसनचं ऐकलं तशा उठून उभ्या राहिल्या.

"पाच वर्षं? पाच वर्षं तू मला खोटं सांगितलंस?"

"बाई, काढून घेतलं असतं तर..."

"ते मला नको सांगू. कुणी मेलं असतं, आणि उद्या पोलिस म्हणाला असता लंगड्यानं मारलं, तर मी काय सांगितलं असतं? की मला माहीत नव्हतं?" त्यांचा आवाज चढला होता. बाहेर बाकावर बसलेल्या बाया आत डोकावल्या. "चावी ठेव टेबलावर."

सहादूनं चावी ठेवली.

"आता तू त्या ऑफिसात जाणार. मी पण येणार. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

गाडी तपासायला नाशिकरोडचा झुंबर मिस्त्री आला. तो दीड दिवस गाडीखाली पडून होता. वर आला तो हातात काळंकुळकुळीत रबराचं एक बूच घेऊन. दांड्यापासून खाली गियरपर्यंत जाणाऱ्या सळईचं ते बूच झिजून लोंबत होतं.

"हे बघ. ह्याच्यानं दांडा सैल झालाय. वरून पी दिसतं, खाली गियर अर्धवट ऱ्हातो."

सहादूचा चेहरा उजळला. "म्हणजे मी बसवला होता?"

झुंबर सरळ माणूस होता. त्यानं बूच बोटांत फिरवलं. "पार शेवटपर्यंत दाबून चढवला तर बसतो. मी चाळीसदा करून बघितलं. शेवटपर्यंत दाबला की बसतोच. जरा हलक्या हातानं नेला की फसवतो."

"मग त्या दिवशी?"

"आता ते मी कसं सांगू, भाऊ?"

झुंबरनं दुसरं बूच बनवून बसवलं. नवा पाय आला. मे महिन्याच्या शेवटी तिघं लायसनच्या ऑफिसात गेले. गाडी झुंबरनं चालवली, कारण बाई सहादूला हात लावू देईनात. झुंबरला दुसऱ्याच गाड्यांची सवय, त्यानं डावा पाय जोरात दाबला की तो रुंद ब्रेकवर पडायचा आणि तिघंही पुढं आपटायचे. सहादू मागं बसून घामाघूम होत सांगत होता, "डावा पाय मांडी घालून बस. मांडी घाल!"

तिथले इन्स्पेक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. सहादूनं लिहून आणलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. त्यात वणीचंही होतं, सहादूनं ते वगळलं नव्हतं.

"हे तुम्ही नसतं लिहिलं तर आम्हाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"होय साहेब."

"खोटी सही तीन वेळा केलीत."

"होय साहेब."

इन्स्पेक्टर बाहेर आले, गाडीभोवती फिरले, वाकून आत बघितलं. क्लचची जागा रिकामी पाहून बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मग सहादूच्या शेजारी बसले आणि नुसतं "चला" म्हणाले. बाई आणि झुंबर फाटकाशी उभे राहिले.

सहादूनं गाडी काढली. रस्त्यावर बैलगाडी, सायकली, शाळेतून सुटलेल्या पोरी. त्यानं कुठं घाई केली नाही. परत येताना ऑफिसामागच्या चढावर त्यांनी हात वर केला.

"थांबवा इथं. इंजिन चालू ठेवा. पीवर टाका."

सहादूनं दांडा आपल्याकडे ओढला, वर नेला, आणि वर गेल्यावरही परत एकदा अंगठ्यानं दाबला.

"हँडब्रेक सोडा."

"साहेब?"

"सोडा. आता खाली उतरा आणि माझ्याबरोबर मागं चला."

दोघं गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. चढ मागं उतरत होता. गाडीच्या पाठीमागच्या पत्र्यावर ऊन चमकत होतं, इंजिन घरघरत होतं. इन्स्पेक्टरांनी घड्याळ बघितलं. सहादूला पळावंसं वाटत होतं. त्याच वेळी साहेबांना हाताला धरून बाजूला ओढावं असंही वाटत होतं. त्यानं दोन्ही केलं नाही. नव्या पायाचा पट्टा मांडीत रुतत होता. चाक किंचित मागं आलं, बोटभर, आणि टक्क असा आवाज होऊन थांबलं. सहादूच्या तोंडून आवाज निघाला. मग काहीच झालं नाही. गाडी तशीच उभी राहिली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"वणीला असाच टाकला होता?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"माहीत नाय साहेब."

"अजून आठवत नाही?"

"नाय."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली आणि सावलीकडे चालू लागले.

सहादूचं लायसन दोन महिने जमा झालं. ते परत मिळालं तेव्हा त्यावर शेरा होता की फक्त क्लच नसलेली गाडी चालवण्यास परवानगी. अख्ख्या जिल्ह्यात तशी गाडी दुसरी असेल तर ती सहादूनं कधी पाहिली नव्हती. पेरीनबाई त्या दोन महिन्यांत टांग्यानं फिरल्या आणि त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. विहारातला सत्कार झाला नाही. सहादूनं स्वतःच तिथं जाऊन खरं काय ते सांगितलं होतं, आणि काही दिवस लोक त्याला टाळत होते, कारण काय बोलावं हे त्यांनाही कळत नव्हतं.

ऑगस्टात तो परत गाडीवर बसला. तेव्हापासून त्याला एक सवय लागली. गाडी उभी केली की तो दांडा चढवायचा, इंजिन बंद करायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "पी बसला." मागून पेरीनबाई म्हणायच्या, "बसला." त्यांना दिसत काही नव्हतं, पण ते म्हणेपर्यंत सहादू दार उघडत नसे. पहिल्यांदा त्यांनी उत्तर दिलं त्या दिवशी त्याला कळलं की बाईंचा राग उतरला आहे.

सात वर्षं असं चाललं. शहाऐंशी साली बाईंनी दवाखाना बंद केला, आणि गाडी मुंबईच्या एका माणसानं घेतली. तो न्यायला आला तेव्हा सहादूनं त्याला शेजारी बसवून तासभर दांडा दाखवला. आपल्याकडे ओढा, वर न्या, वर गेल्यावर परत दाबा. तो माणूस हसत होता, घड्याळ बघत होता. म्हणाला, "कळलं हो काका, सगळं कळलं." मग दार लावून निघून गेला. सहादू बाईंच्या फाटकात उभा राहून गाडी वळेपर्यंत बघत होता. संध्याकाळी घरी आल्यावर सुलाबाईनं विचारलं, "गेली का?"

"गेली," तो म्हणाला. "लय घाईत होता माणूस." आणि रात्री जेवताना त्यानं तेच वाक्य आणखी दोनदा म्हटलं.